दौलतची आई

लोणावळ्यात आमच्या शेजारी दौलतची आई राहत असे. दौलत हा बोकड होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गोंधळ व्हायला नको. तिचे खरे नाव सगुणा. पण पोस्टमन, भाजीवाली, दळणवाला, चाळीतली लहानथोर माणसे, सगळी तिला दौलतची आई म्हणत, आणि तीही हातातले काम न थांबवता "ओ" देत असे. प्रथम कोणीतरी ते टोचण्यासाठी म्हटले होते. तिने ते टोचू दिले नाही. पुढे चेष्टा विसरली गेली आणि नाव तेवढे राहिले.

मुलांनो, तुम्ही पाहिलेले लोणावळे सोडून द्या. मी लग्न होऊन तिथे आले ती महायुद्धाच्या आधीची वर्षे. मी मॅट्रिक झालेली होते आणि तुमचे आजोबा तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवीत. बाजाराच्या मागे, रुळांच्या अंगाला एक बैठी चाळ होती, तिच्यात आमच्या दोन खोल्या होत्या. भिंतीपलीकडे मारुतराव सांधेवाले आणि सगुणाबाई. घाट चढून आलेल्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिने लोणावळ्याला गाडीपासून सोडवली जात. ती कोणत्या रुळावर न्यायची त्याचे सांधे मारुतराव बदलत असत. माणूस इतका अबोल, की इंजिनाच्या शिट्टीखेरीज कोणाला उत्तर देत नसेल असे मला वाटे. लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

मारुतरावांची आई पवन मावळात गावी राहत असे. सगुणाबाई तिला आत्याबाई म्हणत. तिने कार्ल्याच्या डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता: सुनेला मूल झाले, तर बोकड वाहीन. केवळ शब्दाने तिचे समाधान झाले नाही. देवीला खात्री पटावी म्हणून तिने एक करडू पाटीत घालून, पायी चालत लोणावळ्याला आणले आणि सुनेच्या पुढ्यात ठेवले. "ह्याला पोस," ती म्हणाली, "पोर पाळन्यात पडलं की ह्यो डोंगर चढंल." आणि जाताना बजावून गेली, "नाव ठिवू नको. नवसाच्या जितराबाला नाव ठिवलं की मग हाक मारावी लागती."

करडू आईवेगळे होते आणि दूध तोंडात घेत नव्हते. सगुणाबाईंनी फडक्याची वात करून दुधात बुडवावी, ती त्याच्या ओठांशी धरावी, आणि त्याने मान फिरवावी. असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी मारुतराव कामावरून आले, हातपाय न धुताच खाली बसले, आणि त्यांनी बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात घातले. करडू चोखू लागले. त्या अबोल माणसाच्या तोंडून त्या क्षणी निघून गेले, "पी रं माज्या दौलता."

दौलतराव हे त्यांच्या वडिलांचे नाव. वडील त्यांच्या लहानपणीच वारले होते. थोरल्या नातवाला आजोबाचे नाव ठेवायचे, ही तर आपली रीतच. ते नाव मारुतरावांनी मुलासाठी मनात जपून ठेवले होते, वर्षानुवर्षे, एखाद्या ट्रंकेत अंगडे जपावे तसे. ते असे एका करडावर खर्च झाले. सगुणाबाई मला म्हणाल्या, "त्यांच्या तोंडातनं गेलं, मास्तरीणबाई, आनि माज्या कानांनी झेललं. आता माघारी कसं द्यायाचं?"

आत्याबाई पुढच्या खेपेला आली तेव्हा तिला हे कळले, आणि तिची जी पंचाईत झाली ती साऱ्या चाळीने पाहिली. नवऱ्याचे नाव तिने जन्मात कधी घेतले नव्हते. "धनदौलत" म्हणायची पाळी आली तर ती नुसते "धन" म्हणून थांबायची. आता त्या बोकडाला हाक कशी मारायची? अरेतुरे तरी कसे करायचे? तो अंगणात तिच्या सुपातले तांदूळ खाऊ लागला की ती सुनेवर ओरडे, "अगं, त्यास्नी बांध की." चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून आत पळत.

दौलत येण्यापूर्वी त्या भिंतीपलीकडून मला बोलणे असे ऐकूच येत नसे. भांड्याचा आवाज, कडीचा आवाज, पुन्हा भांड्याचा आवाज. ती दोघे भांडत नसत. बोलायला काही उरले नव्हते इतकेच. त्या काळी बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. इतर पुरुष "बाळूची आई", "यमूची आई" अशी हाक मारीत. मारुतरावांना हाक मारायला शब्दच नव्हता. ते दाराशी येऊन खाकरत. दौलत महिनाभराचा झाला असेल, एके सकाळी ते रुळांपलीकडून, चार माणसांत ओरडले, "दौलतच्ये आये, माजा डबा ऱ्हायला." सगुणाबाई डबा घेऊन धावल्या त्या चप्पल न घालता. परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यानंतर भिंतीपलीकडून बोलणे येऊ लागले. सगळे बोकडाविषयी. त्याने उंबराचा पाला खाल्ला का, त्याला खोकला का झाला, धुके दाटले आहे तर आज त्याला बाहेर सोडू नको, तुंगार्लीच्या बाजूला बिबट्याने कुणाचे कुत्रे नेले आहे. पण बोकडाविषयी बोलता बोलता दोन माणसे एकमेकांच्या खोकल्याचीही चौकशी करू लागतात.

आता एक गोष्ट लिहिते, ती त्या काळी कोणी लिहिली नसती. तुम्ही मोठी आहात. बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. कोणी शिवायचे नाही, स्वयंपाक नाही, पाणी नाही. चाळीत ही गोष्ट लपत नसे. सगुणाबाई मागच्या दाराशी गोणपाटावर बसल्या की सगळ्या चाळीला कळे, याही महिन्यात काही नाही. ज्या दिवशी आशा तुटायची, त्याच दिवशी तिला कोणी हात लावायचा नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. मारुतराव आपली भाकरी थापीत, मी भाजीची वाटी लांबून सरकवून ठेवी. पण जनावराला विटाळ नसतो. दौलत यायचा, गोणपाटावर तिला खेटून बसायचा आणि आपली मान तिच्या मांडीवर टाकायचा. ती त्याच्या कानामागे खाजवीत बसायची. मारुतराव चार हातांवर बसून विडी ओढीत आणि त्या दोघांकडे पाहत. मग दौलत उठून त्यांच्याकडे जाई, त्यांच्या गुडघ्यावर डोके घाशी आणि पुन्हा तिच्याकडे येई. त्याच्या अशा दिवसभर खेपा चालत.

एकदा ती मला म्हणाली, "मास्तरीणबाई, ह्या दिसांत मला रडू बी येतं आनि जीव भांड्यात बी पडतो. दोनी एकदमच."

"जीव भांड्यात का पडतो?" मी विचारले.

तिने दौलतच्या मानेवर हात ठेवला. तेवढ्यावरून मला समजले. मूल झाले की हा डोंगर चढणार. म्हणजे ती दर महिन्याला देवीकडे एक गोष्ट मागत होती आणि ती मिळाली तर काय, या धास्तीने अर्धी होत होती. त्या दिवसापासून ती धास्ती मलाही लागली. शेजारच्या गोणपाटाकडे पाहताना काय इच्छावे ते मला कळेनासे झाले.

दौलत वाढला, दाढी आली, शिंगे आली, आणि वास आला. नवसाचा बोकड खच्ची करता येत नाही, त्यामुळे वास असा, की पाहुणे आमच्याकडे आले तरी नाकाला रुमाल लावीत. मारुतराव त्याला लाल साबणाने नळाखाली आंघोळ घालत. तिकीटबाबूंची बायको पलीकडच्या टोकाला राहत होती, ती म्हणे, "दौलतच्या आई, लेकाचं लग्न करा आता, नाहीतर अत्तर तरी लावा." सगुणाबाई म्हणत, "तुमच्यावानी इहीण मिळंल तर आजच करते, काकू."

असे चारपाच वर्षे चालले. मग एका दिवाळीच्या सुमारास सगुणाबाई गोणपाटावर बसलेल्या असताना मी भाजीची वाटी सरकवली, तर त्यांनी माझा हात धरला. त्या दिवसांत कोणाला शिवायचे नाही हे कटाक्षाने पाळणारी ती बाई. मी दचकले.

"शिवलं तरी चालतंय," ती हळूच म्हणाली. "मी खोटीच बसलीया. मागल्या म्हयन्यातबी खोटीच बसलेते."

मला उमगायला वेळ लागला. तिला तिसरा महिना होता. चाळीला कळू नये, चाळीतून गावी कळू नये, म्हणून ती बाजूला बसल्याचे सोंग करत होती.

"मारुतरावांना सांगितलंत?"

"त्यांच्या तोंडावर दिसंल. त्यास्नी लपिवता येत न्हाई."

"पण हे किती दिवस लपेल, सगुणाबाई?"

"लपंल तितकं लपंल. तितकं तर दिस त्याचं वाढत्याल."

मला रात्रंदिवस तो एकच विचार. डॉक्टरीण पुण्याला, तिला दाखवायला हवे होते, विश्रांती हवी होती, आणि ही बाई दोन घागरी डोक्यावर घेऊन नळावरून येत होती, कारण घागर नाही उचलली तर लोकांना संशय येईल. मी काही ना काही निमित्त काढून तिचे पाणी भरू लागले. तिच्या प्रत्येक पावलाकडे माझे लक्ष असे. दौलत मात्र तिच्यापुढे चालायचा, आणि वाटेत कुत्रे आले की शिंगे खाली घालायचा.

आठवडाभरातच आत्याबाई आली. नव्या तांदळाची पाटी डोक्यावर, चेहरा ठरवून आल्यासारखा. मारुतराव नुकतेच कामावरून येऊन तोंड धूत होते. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. आत्याबाई उंबऱ्यावर टेकली आणि पाणीसुद्धा न घेता तिने सुरुवात केली.

"इंदुरीला एक पोरगी बघितलीया. नदीकाठी बापाची शेती हाय. शुक्रवारी मारुतीनं बघून यावं. मी शबुद दिलाय."

सगुणाबाई चुलीपासून उठून दाराशी आल्या.

"आनि मी?" सगुणाबाई म्हणाल्या.

"तू हाईसच की. तुला कोन जा म्हनतंय? दोगी ऱ्हावा." मग तिने हनुवटीने दौलतकडे खूण केली. "आनि ह्यास्नी नीट पोस. तिला पोर झालं की ह्येच कामाला येत्याल."

माझा हात सुपातच राहिला. सगुणाबाई गप्प राहिल्या तर सवत येणार होती, आणि तिच्या मुलासाठीही हाच बोकड जाणार होता. बोलल्या, तर सवत टळणार होती, पण दौलतला त्या स्वतःच्या तोंडाने डोंगरावर पाठवणार होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग दौलतकडे पाहिले. तो आत्याबाईच्या पाटीतले तांदूळ खात होता.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "इंदुरीला न्हाई म्हनून सांगा. मला दिस गेल्यात."

"खोटं."

"मास्तरीणबाईस्नी इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. मारुतरावांच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिले. त्यांना ते कळले नाही. आत्याबाई उठली, सुनेच्या गालांवरून हात फिरवून तिने आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. तिचे डोळे भरले. सुनेवर तिचाही जीव होताच. वंशाच्या धास्तीने तो झाकला होता. मग डोळे पुसून ती मुलाला म्हणाली, "मारुती, पोर पाळन्यात पडलं की देवीचं देनं चुकतं करायचं. आत्ताच सांगून ठिवते."

"कंचं देनं, आये?"

"बोकडाचं."

"कंच्या बोकडाचं? नाव घिऊन सांग."

आत्याबाईने नुसती हनुवटीने अंगणाकडे खूण केली.

मारुतराव पुढे आले. इतकी वाक्ये सलग बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "नाव घे, आये. अमक्याला डोंगरावर न्यायाचं आनि त्याची मान कापायची, आसं तुज्या तोंडानं म्हन. तू नाव घेतलंस की मी हितल्या हितं दावं सोडतो."

तिने तोंड उघडले. मग मिटले. अंगणात दौलतच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. ती पुन्हा उंबऱ्यावर बसली आणि तिने पदर तोंडावरून ओढून घेतला.

"त्ये जित्ते हुते तवा नाव घेतलं न्हाई," पदराआडून ती म्हणाली, "आता मान कापायला घिऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती एकटी कार्ल्याला गेली आणि डोंगर चढून आली. आल्यावर चूळ भरत सुनेला म्हणाली, "सांगितलं देवीला. तुजं जितराब तुजंच हाय, पर जित्तं माज्या दारात ऱ्हाईल म्हनलं."

"मग देवी काय म्हणाली?" मी विचारले.

"काय बोलली न्हाई."

ते "काय बोलली न्हाई" त्यानंतरचे सगळे महिने आमच्या दोन्ही घरांवर लोंबकळत होते. आत्याबाई आता सुनेजवळच राहिली होती; सगुणाबाईंना जरा ठसका लागला तरी ती देव्हाऱ्याकडे पाही. मारुतराव सांधा बदलून पुन्हा मागे वळून तो लागला की नाही हे पाहू लागले. त्यांनी मलाच एकदा ते सांगितले. आणि मी, मॅट्रिक झालेली, इंग्रजी पुस्तके वाचणारी, सकाळी दार उघडताना आधी शेजारच्या दारातून धूर निघतो आहे ना ते पाही.

शिमग्याच्या सुमारास, सातव्या महिन्यात, मूल गेले. मुलगा होता. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर तिकीटबाबूंची बायको, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवीशी लबाडी करून कुणाचं भलं झालंय?" तोपर्यंत हेच वाक्य प्रत्येकाच्या मनात होते. माझ्याही होते, आणि सगुणाबाईंच्या तर खासच. आत्याबाई दारातून बाहेर आली. मला वाटले, आता ही सुनेवर तुटून पडणार.

"नवस मी बोललेते, बाई," ती म्हणाली. "चुकलं आसंल तर माजं चुकलं. आनि देवीला भूक लागली आसती तर तिनं बोकड मागितला आसता, पोर कशाला न्हेलं आसतं? आमच्या लेकरांची नावं घिऊ नका. आपली घागर भरा."

लेकरांची, असे ती म्हणाली.

पुन्हा दहा दिवसांचा विटाळ आला. सगुणाबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून. बोलत नव्हत्या, जेवत नव्हत्या. मारुतराव उंबऱ्यापर्यंत येत आणि परत जात. दौलतला मात्र कोणी अडवले नाही. तो आत गेला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. तिचा हात मागे आला आणि त्याच्या केसांत रुतला. दिवस दिवस ती तशीच असे. मारुतरावांनी काय केले असेल? ते उंबऱ्याबाहेर दौलतचे दावे हातात धरून बसत. त्याच्या गळ्यातल्या त्या दाव्याचे एक टोक नवऱ्याच्या हातात आणि त्याच्या पाठीवर बायकोचा हात. शिवाशिव झाली नव्हती, आणि तरी ती दोघे एकमेकांना धरून होती. मी जेवणाचे ताट घेऊन गेले होते, ते तसेच हातात धरून दारातून परत आले.

अकराव्या दिवशी सगुणाबाई न्हाऊन अंगणात उन्हात बसल्या. आत्याबाई त्यांचे केस विंचरत होती. दौलत मागून आला आणि आत्याबाईच्या लुगड्याचा पदर चघळू लागला. तिने ओढून पाहिला. तो सोडेना. तिने इकडेतिकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाली, "अहो, पदर सोडा."

सगुणाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. मी घाबरून पुढे झाले. त्या हसत होत्या. हसता हसता रडत होत्या, पण आधी हसल्या होत्या. आत्याबाईही हसली, आणि मारुतराव पाठ फिरवून भिंतीकडे पाहत उभे राहिले. इंदुरीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यांना पुढे मूल झाले नाही. दोन वर्षांनी मला तुमचे बाबा झाले. बारशाला पाळण्याला पहिला हात सगुणाबाईंनी लावावा, असे मी ठरवले होते. चार बायकांच्या भुवया वर गेल्या, पण त्या आल्या. त्यांच्या मागोमाग दौलतही आला आणि त्याने पाळण्यावरची झेंडूची माळ खाऊन टाकली. पुढे आमची बदली झाली. स्टेशनवर निरोप द्यायला त्या आल्या नाहीत. गाडी सुटल्यावर कुंपणापाशी उभ्या दिसल्या, एक हात शिंगावर ठेवून.

लढाई संपल्यावर मी एकदा लोणावळ्याला उतरले. आत्याबाई वारली होती. दौलतही म्हातारा होऊन, आपल्या दारात, उन्हात झोपेतच गेला होता. त्याला चाळीमागच्या उंबराखाली पुरले होते. चाळीत सगळी नवी माणसे. मी सांधेवाल्यांचे घर विचारले तर कोणाला कळेना. दौलतची आई म्हटल्यावर एका मुलीने लगेच दार दाखवले. तिला वाटत होते, दौलत कुठेतरी परगावी नोकरीला असेल. दारात मारुतराव होते, केस पांढरे झालेले. मला ओळखून ते आत वळले आणि त्यांनी हाक दिली, "दौलतच्ये आये, कोन आलंय बग." आतून "ओ" आली, पूर्वीसारखीच, काम न थांबवता.

नंदिनी, हे सर्वांसाठी लिहिले असले तरी तुझ्यासाठी जास्त लिहिले आहे. त्या दिवशी फोनवर तू डॉक्टरांच्या फेऱ्यांविषयी दोनच शब्द बोललीस आणि मग म्हणालीस, "आजी, आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलंय." तुझी आई हसली. मी हसले नाही. मला इथे रोज काळजी वाटते, तुमच्या भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत असेल ना म्हणून. त्या पिल्लाचे नाव तू सांगितले नाहीस. ते मला सांग. तुला हाक कशी मारायची ते मग मी ठरवीन.